पावलं दिसतात का?

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळी सात वाजता सुटणारी शांताबाई माळगे, उथळ बाजूकडून खोल बाजूकडे जाणारी, गढूळ पाण्यामुळे आज रद्द करण्यात आली आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

ही घोषणा कुठल्या स्टँडवर झालेली नाही. ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कंपाउंडच्या भिंतीपलीकडून झाली. ऐकणारे प्रवासी म्हणाल तर मी, गॅसवरचा चहा आणि भिंतीवरचं मांजर. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या मास्तरणीला सकाळी जरा लोळावंसं वाटतं, हे शेजारच्या माळगेकाकांच्या वेळापत्रकात बसत नाही. मी खिडकी धाडकन लावून घेतली. खिडकी लावून त्यांच्या आवाजाला काही होत नाही हे मला ठाऊक आहे, पण निषेध नोंदवायला नको का?

नारायण माळगे सोलापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गावं पुकारण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाले तेव्हा माइक तिथंच ठेवून आले, आवाज मात्र घरी घेऊन आले. एरवी बोलतात ते आपल्यासारखंच, व्हय-न्हाय करत. पण काही महत्त्वाचं सांगायचं असलं की मान ताठ होते, डोळे अर्धवट मिटतात आणि शुद्ध मराठी सुरू होते. “चहा फलाटावर लागत आहे.” “वीजपुरवठा तांत्रिक कारणास्तव अनिश्चित काळासाठी खंडित आहे.” त्यांच्या घरून निघालेल्या पाहुण्याला ते दारापर्यंत पोचवायला येतात आणि म्हणतात, “आपले सामान तपासून घ्यावे.” माझी नणंद पहिल्यांदा आली तेव्हा तिला वाटलं, आपल्यावर चोरीचा आळ घेतायत. तिने तिथंच पर्स उघडून दाखवली.

दुसरी खोड याहून अवघड. या माणसाला थांबलेलं काही बघवत नाही. फाटकाशी कुणाची रिक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली, की काका अंगणातून हाताने ‘चला, चला’ करायला लागतात. सिग्नलला लाल दिवा लागला की स्कूटरवर मागे बसलेले काका अस्वस्थ होतात, पुढच्याला विचारतात, “काय अडचन हाय?” भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा ते जेवले नव्हते. काकू म्हणतात, “झोपेत पन पाय हलवत असत्यात. गाडी सोडल्याशिवाय ह्यास्नी झोप न्हाय.”

आता त्या टँकबद्दल सांगते.

आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाणी यायच्या वेळेला घरात लग्नाचा मुहूर्त असला, तरी बायका आधी पिंपं भरतील आणि मग अक्षता टाकायला जातील. अशा गावात माळगेकाकांनी परसातलं पेरूचं झाड काढून पोहायचा टँक बांधला. गवंड्याने लांबी विचारली तर म्हणाले, “एका एसटीएवढी.” गवंडी बिचारा स्टँडवर जाऊन एक गाडी टेपने मोजून आला. टँकला पांढऱ्या फरश्या, एका बाजूला धरायला पाइप, एका टोकाला पायऱ्या, दुसऱ्या टोकाला लोखंडी शिडी आणि कोपऱ्यात मोटार-फिल्टरची पेटी. सगळ्यात खोल जागी पाणी छातीपर्यंत. आत बोअरचं क्षाराचं पाणी.

“काका, तुम्हाला पोहता येतं?” मी विचारलं होतं.

“न्हाय,” काका म्हणाले. “डोकं पान्याखाली गेलं की माजा जीव गुदमरतो.”

सोसायटीत चर्चा झाली, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यात त्यांनी टँकच्या तळाशी लाल रंगात लक्ष्मीची पावलं काढून घेतली, पायऱ्यांपासून थेट शिडीपर्यंत. मग तर लोकांना विषयच मिळाला. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी बिराजदार म्हणाले, “लक्ष्मी उंबऱ्यावरनं येते म्हणतात. हिथं काय पोहत येणार हाय?” काकांनी कुणाला उत्तर दिलं नाही. टँक भरल्यावर मात्र येईल त्याला काठावर उभं करून एकच प्रश्न विचारायला लागले: “पावलं दिसतात का?” दूधवाल्याला विचारलं, मीटर वाचायला आलेल्याला विचारलं. दिसतात म्हणालं की चहा मिळायचा. ‘अंधूक दिसतात’ असं मी एकदा प्रामाणिकपणे सांगितलं, तर माझ्यासमोर मोटार सुरू झाली आणि चहा राहिला.

टँक कशासाठी, ते हळूहळू कळलं. शांताकाकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जिवावरचं निभावलं, पण डावी बाजू लुळी पडली. हात सुधारला, पाय अडून बसला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, पाण्यात अंग हलकं होतं. आता नऊवारीतल्या काकू सार्वजनिक तलावावर, पोरासोरांच्या उड्यांमध्ये जाणार थोड्याच? म्हणून काकांनी तलावच घरी आणला. रोज सकाळी सातला काकू काष्टा मारून पायऱ्यांवरून उतरायच्या आणि काकांची घोषणा व्हायची. त्यानंतर काय होतं ते मी कधी बघायला गेले नव्हते. बाईमाणूस पाण्यात असताना भिंतीवरून डोकावणं बरं दिसत नाही. पण काकूंचा पाय सुधारत होता, हे दिसत होतं. संक्रांतीला तर त्या पाइप सोडून उभ्या राहिल्या, असं काकांनी घोषणा करून अख्ख्या गल्लीला सांगितलं.

आणि ऐन एप्रिलमध्ये टँकची मोटार जळाली.

मोटार रिवाइंडिंगला गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली. सोलापूरचा उन्हाळा आणि थांबलेलं पाणी. दोन-तीन दिवसांत पाण्याला पोपटी झाक आली, मग ते गडद हिरवं झालं. कडेच्या फरश्यांवर शेवाळ धरलं, पाइपला हात लावावा तर बुळबुळीत. पावलं पहिल्यांदा पुसट झाली, मग गेलीच. त्या दिवसापासून काकूंची फेरी रद्द. त्या परसातल्या खुर्चीत बसून हिरव्या पाण्याकडे बघायच्या. पाय पुन्हा आखडायला लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता खंड पडला तर मिळवलेलं सगळं जाईल.

मी म्हटलं, “काका, थोडं गढूळ असलं तर काय बिघडतं? धरून धरून चालतील काकू. आपण लहानपणी विहिरीत उड्या मारायचो, तिचा तळ कुणी बघितला होता?”

काकांनी डोळे अर्धवट मिटले. “तळ दिसल्याशिवाय गाडी सोडता येणार नाही. नोंद घ्यावी.”

हट्ट! मला त्या दिवशी त्यांचा खरंच राग आला. बायकोचा पाय आखडतोय आणि ह्यांना फरशी चकाचक हवी.

काका मोटारीसाठी रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात ठाण मांडून बसले होते, तेव्हा इकडे डास निर्मूलनाची माणसं घरोघर फिरत आली. हिरवं टाकं बघून त्यांनी त्यांच्या नियमाप्रमाणे बरणीभर गप्पी मासे पाण्यात सोडले, डासांच्या अळ्या खायला. दारावर खडूने खूण केली आणि निघून गेली. काका दुरुस्त मोटार घेऊन आनंदाने आले, ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडलं, आणि काकू खुर्चीतून ओरडल्या, “अवो, थांबा! आत लेकरं हायत!”

झालं. ब्लीचिंग टाकलं तर मासे मरणार. काका म्हणाले, “मासं हायत ती, लेकरं न्हवं.” काकू म्हणाल्या, “जित्ता जीव हाय. माज्या पायासाठी त्येन्ला मारू नगा.” काकांनी ब्लीचिंगचं पोतं पुन्हा बांधून ठेवलं. मग मान ताठ केली आणि भिंतीवरून घोषणा केली, “टँकमधील सर्व प्रवाशांचे स्थलांतर करण्यात येत आहे. रहिवाशांनी रिकामी भांडी घेऊन यावे.”

जुनी मच्छरदाणी आणली. एक टोक काकांनी धरलं, एक मी, आणि कडेकडेने ओढत गेलो. मासे एवढेएवढेसे, हिरव्या पाण्यात दिसायचेही नाहीत. मागच्या गल्लीतल्या अंबुबाई चहाची गाळणी घेऊन पायऱ्यांवर बसल्या आणि आमच्या मच्छरदाणीपेक्षा जास्त मासे त्यांनीच काढले. प्रत्येक घराच्या हौदात आणि सांडपाण्याच्या पिंपात मासे वाटून टाकले. बिराजदारसाहेब टँकमुळे डास होतात म्हणून तक्रार घेऊन आले होते, ते बादलीत मासे घेऊन परत गेले. जाताना काकांनी त्यांना सामान तपासून घ्यायला सांगितलं.

मग खरी साफसफाई सुरू झाली. लांब दांड्याच्या ब्रशाने काकांनी भिंती घासल्या, शेवाळ सुटून पाण्यात आलं. ब्लीचिंग बादलीत कालवून, निवळी तेवढी संध्याकाळी पाण्यात सोडली. दिवसा टाकली तर तिचा जोर ऊनच खाऊन टाकतं. मोटार रात्रभर चालली. सकाळी आम्ही सगळे बघायला गेलो. हिरवा रंग गेला होता आणि त्याच्या जागी पाणी दुधासारखं पांढरट झालं होतं. मेलेलं शेवाळ आणि बोअरचे क्षार मिळून असा काही गोंधळ झाला होता, की पावलं सोडा, दुसरी पायरी दिसत नव्हती.

“दूध-डेरी झाली,” बिराजदार म्हणाले.

ज्याला त्याला सल्ला सुचला. अंबुबाई पाणी निवळायला शेवग्याच्या बिया कुटून घेऊन आल्या. बिराजदार म्हणाले, सगळं पाणी सोडून द्या. हे सोलापुरात म्हणायला धाडस लागतं. काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते आपसूक घरी गेले. शेवटी काका म्हणाले, “तुरटी.” पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, की आपण पिंपात तुरटी फिरवतोच. मग काकांनी तुरटीचा नारळाएवढा खडा फडक्यात बांधला, फडकं बांबूला, आणि बांबू पाण्यात धरून ते टँकभोवती चालायला लागले. मोटार फुल्ल सुरू. एक फेरी, दुसरी फेरी, टोपी घालून भर उन्हात फेऱ्या. फिल्टर धुवायचा, पुन्हा मोटार, पुन्हा बांबू. दुसऱ्या दिवशी तेच. पाणी जसंच्या तसं. काकांचा चेहरा उतरला होता. घोषणा बंद झाल्या होत्या. मला सकाळी झोप मिळत होती आणि ती मला अजिबात आवडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काका पुन्हा बांबू उचलत होते. काकू खुर्चीतून म्हणाल्या, “अवो, पिंपात तुरटी फिरवल्यावर आपन काय करतो?”

“काय करतो?”

“झाकन ठिवतो आन् गप बसतो. पिंप हलवत बसतो का? ती मोटार बंद करा. त्या पान्याला जरा थांबू द्या की.”

काका मोटारीजवळ गेले. बटणावर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. “बंद केली म्हनून तर हिरवं झालं हुतं.”

“तवा औषद न्हवतं. आता हाय. येक दिस थांबा. माज्यासाठी थांबा.”

काकांनी बटण दाबलं. परसात एकदम शांतता झाली. मला वाटतं त्या माणसाने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम तेच असावं. ते काकूंच्या शेजारी खुर्चीवर बसले आणि त्यांना काय करावं कळेना. उठायला लागले की काकू पदराचं टोक त्यांच्या मनगटावर टाकायच्या, ते बसायचे. मी कलिंगड कापून नेलं होतं, तर त्यांनी बिया काढायचं काम मागून घेतलं.

बसल्या बसल्या काकू बोलायला लागल्या. त्यांचं माहेर मंगळवेढ्याचं. “पंचमीला म्हायेराला जायाची. ह्ये कदी सोडायला आल्याती व्हय? रजा न्हाय, सुट्टी न्हाय. मी आपली पिशवी घिऊन स्टँडवर जायाची. केबिनीत ह्ये असायचे, पर वळखबी दावायचे न्हाईत. चारचौघांत लाजायचे.”

“ड्युटी हुती,” काका बियांकडे बघत म्हणाले.

“मग माइकवरनं सांगायचे, मंगळवेढ्याची गाडी लागली. बाकीच्या गाड्या दोनदा सांगायचे बग विजू. ज्या गाडीत मी असंन, ती तीनदा. तिसऱ्यांदा आवाज जरा बारीक व्हायचा. कंडक्टर हसायचा. म्हनायचा, वैनी, तुमचं सायेब निरोप देत्यात.”

काकांनी एक बी तोंडात टाकून चावली, चुकून.

“आता त्या गाडीची पायरीच चढता येत न्हाय,” काकू म्हणाल्या, आणि पाण्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं होतं. पांढरा गाळ साईसारखा तळाशी बसला होता. एवढं दिसल्यावर काकांचे हात शिवशिवायला लागले, पण घाईने हलवलं की गाळ पुन्हा वर येणार. मग त्यांनी लांब नळीने, मांजराच्या पावलाने, कडेकडेने तो गाळ ओढून बाहेर परसाच्या कडेला लावलेल्या केळीत सोडला. अख्खा दिवस लागला. गाळ सरकेल तसं एकेक लाल पाऊल उघडं पडत होतं. पुढचे दोन दिवस काका छोट्या बाटलीत पाणी घेऊन, त्यात थेंब टाकून रंग बघत होते. ब्लीचिंगचा जोर पुरता उतरल्याशिवाय काकूंना आत सोडायचं नव्हतं.

मग सकाळी भिंतीपलीकडून काकांनी हाक मारली, नेहमीच्या आवाजात. “विजूताई, या जरा. पावलं दिसतात का बघा.”

मी गेले. पाणी असं होतं, की आहे की नाही असं वाटावं. शिडीखालचं शेवटचं पाऊलसुद्धा स्वच्छ, बोटांसकट. “दिसतात,” मी म्हटलं. काकांनी चहा विचारला नाही. ते पायऱ्यांवरून उतरत होते.

मी निघायला लागले तर काकू म्हणाल्या, “थांब गं. आज तू बग.” त्या काष्टा मारून, पाइप धरून पायरीवर उभ्या होत्या आणि मान खाली घालून पाण्यात बघत होत्या.

“काकू, समोर बघा,” मी म्हटलं. “खाली बघून मान दुखेल.”

“समोर बगून कसं चालंल?” काकू म्हणाल्या. “ह्या डाव्या पायाला कायबी कळत न्हाय. टेकलाय का अधांतरी हाय, त्येचं त्येला ठावं न्हाय. मला डोळ्यांनी बगावं लागतं, पाय कुटं पडला त्ये. घरात येकदा नजर हलली आन् आपटले. हितं ह्यांनी पावलं काडून दिली. पावलावर पाऊल पडलं की समजायचं, टेकला.”

दूधवाल्याला, मीटरवाल्याला, मला, येईल त्याला काका इतके दिवस काय विचारत होते, ते मला त्या काठावर उभं राहून कळलं, आणि माझे डोळे भरून आले.

“आन् ह्ये नुसती पावलं न्हाईत बरं का,” काकू हसल्या. “गावं हायत. तिऱ्हं, कामती, बेगमपूर, माचनूर, ब्रम्हपुरी. ती शिडी म्हंजे मंगळवेढा.”

काका तोवर पाण्यात त्यांच्या समोर उभे राहिले होते, तोंड काकूंकडे, पाठ शिडीकडे. मान ताठ केली. डोळे मात्र मिटले नाहीत.

“सोलापूरहून मंगळवेढ्याला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे.” मग पुन्हा एकदा. आणि मग तिसऱ्यांदा, बारीक आवाजात.

“ऐकलं की,” काकू म्हणाल्या. “सोडा आता.”

त्या निघाल्या. काका मागे मागे सरकत गावं सांगत होते. तिऱ्हं गेलं. कामती गेली. बेगमपूरला इतक्या दिवसांच्या खंडाने आखडलेला डावा पाय वाकडा पडला, पावलाच्या बाहेर. काकूंना तो दिसत होता, पण आत ओढता येईना. त्यांनी घाबरून पाइप घट्ट धरला. काकांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, नाक दाबलं, आणि ज्यांचा जीव डोकं पाण्याखाली गेलं की गुदमरतो, ते माळगेकाका सबंध पाण्याखाली गेले. त्या स्वच्छ पाण्यात मला सगळं दिसत होतं. त्यांनी दुसऱ्या हाताने काकूंची टाच धरली आणि पाऊल हळूच लाल रंगावर ठेवलं. ठेवल्यावर वरून एकदा दाबलं. मग खोकत, पाणी गाळत वर आले.

“बेगमपूर,” ते म्हणाले. “गाडी पुढे मार्गस्थ होत आहे.”

माचनूर. ब्रम्हपुरी. शिडीशी पोचल्यावर काकूंनी दोन्ही हातांनी दांडी धरली आणि कपाळ तिच्यावर टेकवलं. त्यांना धाप लागली होती.

“आलं?” त्यांनी विचारलं.

“आलं.”

“मग जरा ऱ्हाते हितं. लगीच परत न्हेऊ नगा.”

मला वाटलं, आता काका हाताने ‘चला, चला’ करणार. काकांनी ओल्या हाताने तोंडावरचं पाणी पुसलं.

“ऱ्हा की निवांत,” ते म्हणाले. “मी थांबतो.”

आणि छातीभर पाण्यात, तरंगसुद्धा उठू न देता, ते काकूंच्या शेजारी उभे राहिले.